अंगठ्याचा ठसा आणि किसान क्रेडिट कार्ड : शेतकऱ्याच्या आर्थिक ओळखीची चोरी व तिचे व्यवस्थापन

बेंगळुरू शहराच्या आग्नेयेस असलेले बेळ्ळंदूर आज माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांच्या उंच इमारतींसाठी आणि मधूनमधून फेसाळणाऱ्या तळ्यासाठी ओळखले जाते. हे शहरातील सर्वांत मोठे तळे असून दोन-तीन दशकांपूर्वीपर्यंत त्याच्या पाण्यावर भात व भाजीपाला पिकत असे. फारसे कुणाच्या स्मरणात नसलेली एक गोष्ट अशी की, १९९८ मध्ये बेळ्ळंदूरच्या ग्रामपंचायतीने आपल्या नोंदी संगणकावर आणल्या. कर्नाटकात असे पाऊल उचलणाऱ्या अगदी पहिल्या पंचायतींत तिची गणना होते. पुढे २००७ मध्ये हे गाव बृहत् बेंगळुरू महानगरपालिकेत विलीन झाले. तोवर शेतजमिनीची बहुतेक खरेदीखते होऊन गेली होती.

योगायोग असा की, किसान क्रेडिट कार्ड योजनाही १९९८ चीच. जमिनीच्या नोंदींचा संगणकीकृत कागद आणि शेतकऱ्याच्या हातातील कर्जाचे कार्ड या दोन्ही सोयी साधारण एकाच काळात रुजल्या आणि दोन्हींनी शेतकऱ्याचे हेलपाटे खरोखर कमी केले. कर्नाटकात 'भूमी' प्रकल्पातून पहाणी पत्रक संगणकावर आले, महाराष्ट्रात सातबारा ऑनलाइन झाला. कर्नाटकातील दस्तनोंदणी 'कावेरी' या प्रणालीतून होऊ लागली. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील मराठी भाषक शेतकऱ्यांचे व्यवहारही याच प्रणालींतून होतात. या सोयींची दुसरी बाजू २०२३ मध्ये बेंगळुरूतच उघडकीस आली आणि ती प्रत्येक विस्तार कार्यकर्त्याने समजून घेण्याजोगी आहे.

कावेरी प्रणालीतील ठसे

२०२३ च्या उत्तरार्धात बेंगळुरू, मंगळुरू आणि कर्नाटकातील इतर काही ठिकाणी नागरिकांनी एकाच स्वरूपाच्या तक्रारी नोंदविण्यास आरंभ केला. खात्यातून रक्कम गेली होती. मात्र कुणी ओटीपी विचारला नव्हता, कुणी दूरध्वनी केला नव्हता, कुठली लिंक उघडली गेली नव्हती आणि कार्डही घरीच होते. तक्रारदारांपैकी अनेकांत एक समान धागा होता : त्यांनी नजीकच्या काळात उपनिबंधक कार्यालयात जमिनीचा अथवा घराचा दस्त नोंदविला होता. दस्ताच्या प्रती ऑनलाइन मिळत होत्या आणि त्या प्रतींवर व्यक्तीचे नाव, आधार क्रमांक व बोटांचे ठसे एकत्र छापलेले होते. या ठशांवरून कृत्रिम ठसे तयार करून आधार-आधारित देयक प्रणालीतून, म्हणजे बोलीभाषेत 'अंगठा लावून', पैसे काढले गेले होते. मंगळुरू पोलिसांनी त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये या प्रकरणी बिहारमधून तिघांना अटक केली. त्यानंतर कर्नाटकच्या मुद्रांक व नोंदणी विभागाने ऑनलाइन प्रतींवरील ठसे झाकण्याची व्यवस्था हाती घेतली.

ही युक्ती नवी नव्हती. २०१८ मध्ये तेलंगणातील पेद्दपल्ली जिल्ह्यात एका सिमकार्ड विक्रेत्याने जमिनीच्या दस्तांवरील ठशांवरून रबरी ठसे बनवून मोठ्या संख्येने सिमकार्डे कार्यान्वित केल्याचे उघड झाले होते. २०२२ मध्ये सायबराबाद पोलिसांनी आंध्र प्रदेशच्या नोंदणी संकेतस्थळावरील दस्तांतून ठसे मिळवणारी टोळी पकडली. एखाद्या किडीचा प्रादुर्भाव शेजारच्या तालुक्यात दिसल्यावर आपल्या तालुक्यात पाहणी सुरू करायची असते, हे कृषी खात्यातील नवा कर्मचारीही जाणतो. नोंदणी कार्यालयांच्या बाबतीत मात्र पेद्दपल्लीचा इशारा मिळूनही पाच वर्षे वाया गेली असे म्हणावे लागते.

दोन ग्राहक, दोन कुलुपे

बेळ्ळंदूरच्या सदनिकेत राहणारा संगणक अभियंता आणि त्याचे गावाकडे शेती करणारे आई-वडील यांची तुलना या ठिकाणी उपयोगी पडते. अशी मराठी कुटुंबे बेंगळुरूत आज हजारोंनी आहेत. अभियंत्याच्या क्रेडिट कार्डाभोवती गेल्या पंधरा वर्षांत रिझर्व्ह बँकेने एकामागून एक कडी घातली आहे. १ ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन खरेदीस कार्डाच्या तपशिलाखेरीज पासवर्ड वा ओटीपीसारखी दुसरी खूण अनिवार्य झाली. पुढे चुंबकीय पट्टीची जागा चिपने घेतली. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदारांच्या संकेतस्थळांना कार्डाचा खरा क्रमांक साठवून ठेवण्यास मनाई झाली. त्याऐवजी 'टोकन' वापरले जाते. एवढे करूनही क्रमांक चोरीस गेलाच, तर बँक जुने कार्ड बंद करून नवे पाठवते आणि चोरीचा माल निरुपयोगी ठरतो.

आई-वडिलांच्या खात्याचे कुलूप वेगळे आहे. गावातील बँक मित्राच्या यंत्रावर बँकेचे नाव, आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा एवढ्यावर रोख रक्कम मिळते. पिन नाही, ओटीपी नाही. अक्षरओळख नसलेल्या, एटीएमपासून वीस किलोमीटर दूर असलेल्या वृद्धेलाही पैसे मिळावेत हाच या रचनेचा हेतू होता आणि तो बहुतांशी सफल झाला, हे नाकारता येणार नाही. परंतु आधार क्रमांक गुप्त राहिलेला नाही. तो शिधापत्रिकेपासून पीकविम्यापर्यंत प्रत्येक अर्जावर आहे. बँकेचे नाव गावात सर्वांस ठाऊक असते. उरतो तो ठसा. तो दस्तावर, सोसायटीच्या कर्जरोख्यावर, मुखत्यारपत्रावर उमटलेला असतो आणि चोरीस गेला तर नवा मिळत नाही. कार्ड बदलता येते, अंगठा बदलता येत नाही. या प्रणालीत एका व्यवहाराची मर्यादा साधारणतः दहा हजार रुपये असल्याने चोरी एकाच मोठ्या रकमेची न होता पाच-दहा हजारांच्या टप्प्यांनी, बहुधा लागोपाठच्या दिवशी होते. पासबुक तीन-चार महिन्यांनी भरणाऱ्या खातेदारास ती कळेपर्यंत खाते रिकामे झालेले असते.

यंत्र माणसाला ओळखत नाही, केवळ खुणेला ओळखते, ही या प्रश्नाची मूळ गाठ आहे. कीटकसृष्टीत तिचे फार बोलके उदाहरण सापडते. विणकर मुंग्या आपल्या घरट्यातील सोबतीण दृष्टीने ओळखत नाहीत; अंगावरील मेणचट रसायनांच्या गंधावरून ओळखतात. ऑस्ट्रेलियात आढळणारा एक उड्या मारणारा कोळी या मुंग्यांच्या पानांच्या घरट्यात बिनदिक्कत वावरतो आणि त्यांच्या अळ्या खातो. त्याच्या अंगास घरट्याचा गंध येतो तो त्याच अळ्या खाल्ल्यामुळे. ज्या घरट्यातून त्याने गंध उचलला, त्या घरट्यात तो सहज खपून जातो. परक्या घरट्यात ओळखला जाण्याचा धोका असतो. पहारेकरी मुंगीचा यात दोष नाही. तिला दिलेली परीक्षाच अपुरी आहे. आधार प्राधिकरणाने ही त्रुटी ओळखून फेब्रुवारी २०२३ मध्ये ठसा जिवंत बोटाचा आहे की बनावट, हे तपासणारी द्विस्तरीय संगणकीय पद्धत लागू केल्याचे जाहीर केले. त्यानंतरही त्याच वर्षी कर्नाटकातील तक्रारी आल्या, हे ध्यानात घेता केवळ यंत्राच्या हुशारीवर विसंबणे योग्य ठरणार नाही. रिझर्व्ह बँकेनेही जून २०२५ मध्ये अंगठा घेणाऱ्या केंद्रचालकांच्या पडताळणीसंबंधी बँकांना स्वतंत्र निर्देश दिले; ते १ जानेवारी २०२६ पासून लागू झाले. दीर्घकाळ निष्क्रिय असलेल्या चालकाची पुन्हा पडताळणी केल्याखेरीज त्यास व्यवहार करू देऊ नयेत, असे त्यात म्हटले आहे.

नाव शेतकऱ्याचे, कर्ज दुसऱ्याचे

खात्यातील शिल्लक जाणे हा चोरीचा सोपा प्रकार. त्याहून खोल जखम करणारा प्रकार म्हणजे शेतकऱ्याच्या कागदपत्रांवर त्याच्या नकळत कर्ज उचलले जाणे. पीक कर्जासाठी लागणारा संच सर्वांना पाठ आहे : सातबारा, आठ-अ, आधार, पॅन, दोन छायाचित्रे आणि कोऱ्या नमुन्यांवर सह्या. हाच संच ठिबक अनुदानासाठी, हाच पीकविम्यासाठी, हाच कारखान्याकडे उसाची नोंद करताना दिला जातो. एकदा दिलेला संच कोणत्या कपाटात राहतो, याची चौकशी सहसा कुणी करत नाही.

परभणी जिल्ह्यातील गंगाखेड येथील एका साखर कारखान्याशी संबंधित प्रकरण मराठवाड्यात अद्याप विस्मरणात गेलेले नाही. तेथे शेतकऱ्यांच्या नावे अनेक बँकांतून शेकडो कोटींची कर्जे घेतली गेली आणि त्याची कल्पना त्या शेतकऱ्यांना नव्हती, असा आरोप ठेवून २०१७ मध्ये गुन्हा दाखल झाला. बँकांच्या नोटिसा घरी आल्यावर अनेकांना आपल्या नावावर कर्ज असल्याचे प्रथमच समजले. पुढे डिसेंबर २०२० मध्ये सक्तवसुली संचालनालयाने या संदर्भात सुमारे २५५ कोटी रुपयांच्या मालमत्तेवर टाच आणली. आरोपांचा न्यायनिवाडा न्यायालयाकडे आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने त्यातील बोध निराळा आहे : संगणक, ओटीपी वा अंगठा यांपैकी कशाचीही चोरी न होता केवळ झेरॉक्सच्या संचावर माणूस थकबाकीदार ठरू शकतो.

किसान क्रेडिट कार्डाच्या बाबतीत हा धोका अधिक का, हेही पाहावे. हे कर्ज फिरते असते. मंजूर मर्यादेत ते वर्षानुवर्षे नूतनीकृत होते. तारणाविना मिळणाऱ्या कृषी कर्जाची मर्यादा १ जानेवारी २०२५ पासून १ लाख ६० हजारांवरून २ लाख रुपये झाली आहे. ही वाढ स्वागतार्हच आहे. मात्र कागदांच्या एका संचाची चोराच्या लेखी असलेली किंमतही तेवढीच वाढली. दुसरे असे की, रुपे कार्ड घरात येऊनही ते न वापरता सोसायटीच्या सचिवाकडे, दुकानदाराकडे किंवा एखाद्या 'जाणकार' नातेवाइकाकडे पाकिटासह, म्हणजे पिनच्या कागदासह, ठेवण्याची पद्धत अनेक गावांत आहे. यास चोरी म्हणायचे की विश्वास, हा प्रश्न वाद होईपर्यंत उपस्थित होत नाही.

यावरचा उपाय फुकट आहे आणि तरीही फार थोडे लोक तो करतात. देशात कर्जइतिहास ठेवणाऱ्या चार संस्था आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि क्रिफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार प्रत्येक संस्थेने प्रत्येक व्यक्तीस वर्षातून एकदा संपूर्ण कर्जअहवाल विनामूल्य द्यावयाचा आहे. चार संस्थांकडून तीन-तीन महिन्यांच्या अंतराने एकेक अहवाल मागविल्यास वर्षभर पाहणी होते. अहवालात गुणांक किती, याकडे सर्वांचे लक्ष जाते. वास्तविक पाहायचे असते ते 'खाती' आणि 'चौकशी' हे दोन भाग. आपण कधी न गेलेल्या बँकेचे कर्जखाते अथवा कधी अर्ज न केलेल्या वित्तसंस्थेची चौकशी तेथे आढळल्यास तीच डोमकळी समजावी. चुकीच्या नोंदीबद्दल तक्रार केल्यावर ३० दिवसांत निराकरण न झाल्यास विलंबाच्या प्रत्येक दिवसास १०० रुपये भरपाई देण्याचा नियम एप्रिल २०२४ पासून अमलात आहे.

अळी बोंडात शिरण्यापूर्वी

डोमकळीचा उल्लेख आला, तो सहेतुक. गुलाबी बोंडअळी एकदा हिरव्या बोंडात शिरली की फवारणीचा तिच्यावर फारसा परिणाम होत नाही. म्हणूनच हेक्टरी पाच कामगंध सापळे लावून, सलग तीन रात्री प्रति सापळा आठ पतंग आढळले की उपाय योजावेत, अशी शिफारस केली जाते. ओळखचोरीचेही तसेच आहे. रक्कम काढली गेल्यावर ती काही मिनिटांत तीन-चार खात्यांतून फिरून रोखीत बदलते आणि तिच्यापर्यंत पोहोचणे दुरापास्त होते. जे काही करायचे, ते ठसा आणि कागद बाहेर जाण्याच्या अवस्थेत.

सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे आधारवरील बायोमेट्रिक कुलूपबंद करणे. प्राधिकरणाच्या 'एमआधार' अॅपवर किंवा 'माय आधार' संकेतस्थळावर, नोंदणीकृत मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीच्या आधारे हे पाच मिनिटांत होते. कुलूप लावल्यानंतर कितीही हुबेहूब बनावट ठसा यंत्रावर ठेवला तरी पडताळणी नाकारली जाते. गरज पडेल तेव्हा ते अल्प काळासाठी उघडता येते व आपोआप पुन्हा बंद होते. याच ठिकाणी गेल्या सहा महिन्यांत आपले आधार कोठे कोठे तपासले गेले, त्याची यादीही दिसते; महिन्यातून एकदा ती पाहावी.

या शिफारशीस एक मर्यादा आहे आणि ती प्रशिक्षणात लपवू नये. रास्तभाव दुकानातील ई-पॉस यंत्र, निवृत्तिवेतनधारकाचा हयातीचा दाखला, बँक मित्राकडील रोख, या साऱ्यांस ठसा लागतो. ज्या वृद्धेकडे स्मार्टफोन नाही, तिचे बायोमेट्रिक उत्साहाच्या भरात बंद करून दिले तर पुढच्या महिन्यात तिचे धान्य अडेल आणि सारा राग कृषी सहायकावर निघेल. म्हणून ज्या घरात फोन हाताळणारी व्यक्ती नित्य उपस्थित आहे, तेथेच कुलूप लावावे. इतर ठिकाणी बँकेस लेखी अर्ज देऊन संबंधित खात्यावरील आधार-आधारित रोख काढण्याची सुविधा बंद करण्याची विनंती करावी. किंवा अनुदान जमा होणाऱ्या खात्यात थोडीच शिल्लक ठेवून उरलेली रक्कम आधारशी न जोडलेल्या ठेवीत वळवावी. दुसरा मार्ग साधा आहे, पण उपयोगी आहे. पीएम-किसानचे ई-केवायसी करण्यासाठी आता ठशाऐवजी अॅपवर चेहरा दाखवूनही काम भागते; प्रत्येक वेळी बोट टेकवणे अपरिहार्य उरलेले नाही.

केंद्रावर ठसा देताना घडणारा एक प्रकार स्वतंत्रपणे सांगण्यासारखा आहे. खुरपणी, वेचणी, सिमेंटचे काम यांमुळे शेतकरी व शेतमजुरांच्या बोटांवरील रेषा झिजलेल्या असतात. यंत्र पहिल्या खेपेस ठसा घेत नाही, हे नेहमीचेच. त्यामुळे 'उमटला नाही, पुन्हा लावा' हे वाक्य खरेही असू शकते आणि फसवेही. पहिला ठसा नाकारला असेल तर यंत्रावर तसा संदेश येतो व पावतीही तशी निघते. ती पावती मागावी आणि दुसरा ठसा ती पाहिल्यानंतरच द्यावा. शिल्लक विचारण्यासाठी आणि पैसे काढण्यासाठी एकाच वेळी दोनदा अंगठा घेतला गेला, तर दोन पावत्या असल्या पाहिजेत. पावती देत नाही अशा केंद्रावर ठसा देऊ नये. प्रामाणिक बँक मित्रांची संख्या मोठी आहे आणि त्यांना पावतीचा त्रास वाटत नाही.

कागदांबाबत बेंगळुरूचेच आणखी एक प्रकरण उद्बोधक आहे. आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरू प्रादेशिक कार्यालयाने २७ मे २०२२ रोजी नागरिकांना सूचना केली, की आधारची झेरॉक्स सरसकट कुणासही देऊ नये, त्याऐवजी अखेरचे चारच अंक दाखवणारे 'मास्क्ड आधार' द्यावे. त्यावरून देशभर गोंधळ उडाला आणि दोनच दिवसांत केंद्र शासनाने ती सूचना तिचा चुकीचा अर्थ लावला जाण्याची शक्यता असल्याचे सांगून मागे घेतली. आधार वापरताना नेहमीची सावधगिरी बाळगावी, एवढेच म्हटले. सूचना मागे घेतली गेली असली तरी झाकलेल्या अंकांचे आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर आजही उपलब्ध आहे आणि लॉज, मोबाइल दुकान, खासगी मेळावा अशा ठिकाणी तेच द्यावे, हा सल्ला गैर नाही. जेथे पूर्ण क्रमांक कायद्याने लागतो तेथे तो द्यावाच; मात्र झेरॉक्सवर आडवे, मजकुरास छेद जाईल असे 'फक्त पीकविमा खरीप २०२६ साठी' असे लिहून तारीख व सही करावी. सातबारा व पॅनच्या प्रतींवरही हेच. कोऱ्या नमुन्यावर सही वा अंगठा देणे मात्र कोणत्याही सबबीवर टाळावे. साहेब घाईत आहेत, ही त्यातील सर्वांत जुनी सबब होय.

मोबाइल क्रमांकाचा प्रश्न बेळ्ळंदूरच्या कुटुंबांशी पुन्हा येऊन भिडतो. वडिलांच्या खात्याला मुलाचा क्रमांक जोडलेला असतो. संदेश बेंगळुरूत येतो, मुलगा बैठकीत असतो, वडिलांनीच पैसे काढले असतील असे समजून तो संदेश पुसून टाकतो. अनेकदा तर जोडलेला क्रमांक कधीच बंद झालेला असतो आणि कालांतराने दूरसंचार कंपनीने तो दुसऱ्यास दिलेला असतो. खात्यास जोडलेला क्रमांक चालू आहे की नाही व तो कोणाच्या हाती आहे, ही चौकशी बँकेत जाऊन आजच करता येते. शक्य असल्यास वडिलांचाच क्रमांक ठेवावा. मुलाचा ठेवायचा असेल तर रक्कम गेल्याचा संदेश आला की त्याच क्षणी घरी फोन करण्याचा नेम हवा. आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत, हे दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' पोर्टलवर पाहता येते. अनोळखी क्रमांक तेथूनच बंद करण्याची मागणी नोंदविता येते.

व्हॉट्सअॅपवर 'पीएम किसान', 'पीक नुकसान यादी' अशा नावांनी येणाऱ्या एपीके फाइलींविषयी थोडक्यात इतकेच, की शासनाची कोणतीही योजना व्हॉट्सअॅपवर अॅप पाठवीत नाही. अशी फाइल उघडल्यास फोनवर येणारे संदेश, म्हणजेच ओटीपी, परक्याच्या हाती जातात. हप्ता जमा होण्याच्या सुमारास या फाइलींचा सुळसुळाट होतो. गावातील गटप्रमुखांनी त्या आठवड्यात अशा फाइली गटातून तत्काळ काढून टाकाव्यात.

चोरी झाल्यानंतरचे पहिले तीन दिवस

इतकी दक्षता घेऊनही रक्कम गेली तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर ताबडतोब तक्रार नोंदवावी. हा क्रमांक बँका व पोलीस यांना एकाच प्रणालीत जोडतो. रक्कम पुढच्या खात्यात असेपर्यंत ती गोठविता येते, म्हणून येथे तासांना नव्हे, मिनिटांना महत्त्व आहे. त्याच वेळी बँकेस कळवून खाते वा कार्ड थांबवावे आणि तक्रार क्रमांक लिहून घ्यावा.

बँकेस लेखी कळविण्याच्या मुदतीविषयी बहुतेकांस माहिती नसते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक ना ग्राहकाची ना बँकेची, तर अन्य कुणाची असेल आणि व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत ग्राहकाने बँकेस कळविले, तर ग्राहकावर कोणतेही दायित्व येत नाही. चार ते सात दिवसांत कळविल्यास दायित्व मर्यादित राहते. मूलभूत बचत खात्यासाठी ते जास्तीत जास्त ५ हजार रुपये आहे. सात दिवसांनंतर बँकेच्या धोरणानुसार निर्णय होतो. कळविल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने ती रक्कम खात्यात तात्पुरती जमा दाखवावयाची आहे आणि ग्राहकाची चूक होती, हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेची आहे. सहकारी बँकांसाठीही त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अशाच तरतुदींचे परिपत्रक निघाले. ग्राहकाने स्वतः ओटीपी वा पिन सांगितला असेल तर मात्र बँकेस कळवेपर्यंतचे नुकसान त्यासच सोसावे लागते. अंगठ्याच्या चोरीत ग्राहकाने काहीच सांगितलेले नसते, हा मुद्दा अर्जात स्पष्ट नोंदवावा. 'आधारने पडताळणी झाली, म्हणजे तुम्हीच काढले' या उत्तरावर समाधान मानून शाखेतून परतू नये. अर्जाची पोच तारखेच्या शिक्क्यासह घ्यावी. ३० दिवसांत दाद न लागल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्यास शुल्क नाही.

विस्तार कार्यकर्त्याचे स्वतःचे कपाट

शेतकऱ्याची ओळख जेथे साठते, त्यांत कृषी कार्यालयही येते. २०२० मध्ये तमिळनाडूत पीएम-किसान योजनेत लाखो अपात्र व्यक्तींची नावे घुसवली गेल्याचे उघड झाले. सुमारे ११० कोटी रुपये चुकीच्या खात्यांत गेले. त्या प्रकरणात मध्यस्थांनी कृषी अधिकाऱ्यांचे लॉगिन व पासवर्ड वापरले होते. कार्यालयाचा पासवर्ड संगणकाच्या पडद्यावर चिकटवून ठेवणे किंवा गर्दीच्या दिवशी सेवा केंद्रचालकास 'तुम्हीच भरून घ्या' म्हणून सांगणे, हे महाराष्ट्रातील वा कर्नाटकातील कर्मचाऱ्यांना अपरिचित आहे असे नाही. महाराष्ट्रात शेतकरी ओळख क्रमांकाच्या आणि कर्नाटकात 'फ्रूट्स' नोंदणीच्या निमित्ताने आता जमीन, आधार व बँक खाते एका सूत्रात गुंफले गेले आहे. त्यामुळे अशा एका पासवर्डमागे पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक माहिती उभी आहे.

लाभार्थ्यांच्या याद्या नाव, आधार क्रमांक, खाते क्रमांक आणि मोबाइलसह गावाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकण्याची सवय तर सर्रास आढळते. हेतू चांगला असतो. कुणाचे नाव राहून जाऊ नये म्हणून यादी फिरवली जाते. यादीत नाव, गाव व अर्ज क्रमांकाचे शेवटचे चार अंक पुरेसे असतात. प्रशिक्षणाच्या हजेरीपटावर आधार क्रमांकाचा रकाना असल्यास, मंजूर नमुन्याची ती अट आहे का, हे तालुका कार्यालयाकडून तपासून घ्यावे आणि नसल्यास तो रकाना काढून टाकावा. मागील हंगामांचे अर्ज व झेरॉक्सचे गठ्ठे अभिलेखाची मुदत संपल्यावर रद्दीत न विकता फाडून वा जाळून नष्ट करावेत आणि त्याची नोंद दोन सह्यांनिशी ठेवावी.